पवनचक्क्या कुठं गेल्या?

“ए लॅपटॉप, तोंड मिट आणि नकाशा दाखव.”

“तोंड मिटूनच दाखवायलीय. तू डोळे उघड.”

“बघा इरफानभाई, बघा! नववीतली पोरगी आणि मला शिकवायलीय.”

इरफानभाई गाडी चालवत होते. ते माझ्याकडं बघून हसले नाहीत आणि मल्लूदादाकडं बघूनही हसले नाहीत. भाड्याची गाडी चालवणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी न हसण्याची कला येते.

माझं नाव दानेश्वरी हत्तुरे. घरात दानू, शाळेत हत्तुरे, आणि इरफानभाईंच्या बोलेरोत मागच्या सीटवर बसले की लॅपटॉप. आता मी बारावीत आहे आणि मला कुणी काहीही हाक मारलेली चालते, कारण मी ऐकतच नाही. पण तेव्हा लागायचं.

मल्लूदादा माझा चुलतभाऊ. डिप्लोमा अर्धा सोडून वादळांच्या मागं लागलेला. एप्रिल-मेमध्ये आमच्या जत भागात दुपारनंतर ढग चढायला लागले, की हा कॅमेरा घेऊन त्यांच्या दिशेनं सुटायचा. लोक ढग बघून वाळवण आत घेतात, हा ढग बघून घराबाहेर पडायचा. ‘मल्लू वादळवाला’ नावानं त्याचे व्हिडिओ होते आणि ते बघणारेही बरेच होते. घरात काकू कपाळाला हात लावायच्या आणि बाहेर पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायची.

त्यात मी कशी शिरले, तर नकाशामुळं. सांगोल्याकडच्या एका कॉलेजनं गच्चीवर छोटा रडार बसवला होता, प्रयोगासाठी. त्याची माहिती ते नेटवर टाकायचे, पण नुसती कच्ची फाईल. वर लाल अक्षरात लिहिलेलं, ‘चाचणी सुरू आहे, यावर विसंबून निर्णय घेऊ नयेत.’ मल्लूदादानं ती फाईल उघडली तर त्याला आकड्यांचं रान दिसलं. मी शाळेच्या प्रदर्शनासाठी नकाशाचं सॉफ्टवेअर शिकले होते, गावातल्या विहिरींचा नकाशा केला होता. मी ती फाईल त्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, रंग दिले, खाली रस्ते आणि गावं ठेवली आणि दादाला दाखवलं. बारीक पाऊस हिरवा, जोराचा पिवळा, त्याहून जोराचा लाल, आणि गारांची शक्यता असेल तिथं जांभळा. दर काही मिनिटांनी नवं चित्र.

“हे तू केलंस?” तो म्हणाला होता. एवढंच. त्या ‘तू’मध्ये जेवढं आश्चर्य होतं तेवढं कौतुक नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या आईला, अव्वाला, विचारून मला गाडीत घेतलं.

घेतलं म्हणजे सामानात घेतलं. व्हिडिओ जोडताना पहिलं काम तो करायचा ते मागून येणारा माझा आवाज काढण्याचं. शेवटी नावं यायची. चित्रण: मल्लू. वाहन: इरफानभाई. नकाशा: रडार. जणू रडारच चहा पिऊन मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो!

आणि टिकल्यांवरून आमचं रोज वाजायचं.

दक्षिणेच्या टेकडीवर पवनचक्क्यांची रांग आहे. त्यांची पाती फिरतात आणि रडारला ती पावसासारखी वाटतात. त्यामुळं आभाळ कोरडं ठक्क असलं तरी नकाशावर त्या जागी लाल-पिवळ्या टिकल्यांची एक ओळ कायम. ढग येवोत, जावोत, टिकल्या जागच्या हलायच्या नाहीत.

“घाण दिसतंय ते,” दादा म्हणायचा. “लोक विचारतात, तिथं रोज पाऊस पडतो का? काढ त्या टिकल्या.”

“त्या खऱ्या आहेत. पवनचक्क्या आहेत तिथं.”

“मला पवनचक्क्यांचा व्हिडिओ काढायचा नाही! काढ म्हणलं की काढायचं.”

मी काढायची नाही. खरं कारण सांगते: काढायला यायचंच नाही असं नव्हतं, पण त्यानं ‘काढ’ म्हटलं म्हणून काढायचं नव्हतं. तेवढंच माझ्या हातात होतं.

तर त्या दुपारी. उत्तरेला, रडार आणि आम्ही यांच्या मध्ये, एक ढग असा वाढला होता की काय सांगू! बाहेरून फुलकोबीसारखा आणि खालून शाईसारखा. नकाशावर त्याच्या पोटात जांभळा गोळा. दादाच्या अंगात आलं होतं. त्याला त्या ढगाच्या पाठीमागून, दक्षिण बाजूनं चित्रण हवं होतं. तिकडून ऊन पडतं आणि गारांचा पडदा काचेसारखा चमकतो, असं त्याचं म्हणणं. वादळांचे व्हिडिओ काढणारी दुसरी एक टोळी कर्नाटकातून येणार असल्याचंही त्याला कळलं होतं, त्यामुळं घाई.

“दक्षिणेला काय आहे?” त्यानं पुढून विचारलं.

मी बघितलं. जांभळ्या गोळ्यामागं दक्षिणेला सगळं मोकळं होतं. हिरवा ठिपकासुद्धा नाही.

“मोकळं,” मी म्हटलं.

त्यानं मागं वळून लॅपटॉप स्वतःकडं फिरवला, आणि ज्या महिन्यात तो माझ्याशी एक शब्द धड बोलला नव्हता त्या महिन्यात पहिल्यांदा हसला. “शाब्बास! आज कसा लख्ख दिसायलाय नकाशा. काढल्यास ना शेवटी त्या टिकल्या? एवढं ऐकायला किती दिवस लावलेस! इरफानभाई, फाट्यावरून डावीकडं घ्या. सरळ टेकडीकडं.”

मला आधी बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. शाब्बास म्हणजे शाब्बास. मग मी लॅपटॉप परत मांडीवर घेतला आणि टिकल्या शोधल्या.

मी काढल्या नव्हत्या.

मी मागची चित्रं एकेक करून उलटी चालवली. दुपारच्या सुरुवातीला टिकल्या होत्या. मग जांभळा गोळा वाढला, आणि टिकल्यांची ओळ एका टोकाकडून कमी होत गेली. मग सगळीच गेली. मोकळी जागासुद्धा साधी मोकळी नव्हती. रडारपासून निघून गोळ्याला लागून पुढं पसरत जाणारी, पंख्यासारखी. गोळा सरकला की पंखा सरकत होता.

“पवनचक्क्या कुठं गेल्या?” मी म्हटलं.

“काय?”

“दादा, गाडी थांबव. टिकल्या मी काढल्या नाहीत. पवनचक्क्या कुठं गेल्या?”

“काढल्यास आणि विसरलीस.”

“पवनचक्क्या काय एसटीनं गावाला जातात का? रोज दिसतात आणि आज दिसत नाहीत, म्हणजे रडारला तिकडचं काहीच दिसत नाही. हे मोकळं नाही, आंधळं आहे!”

फाटा आला. इरफानभाईंनी गाडी डावीकडं वळवली नाही, रस्त्याकडेला घेऊन उभी केली. समोर बेदाण्याची शेड होती. लांबलचक पत्र्याचं छप्पर, खाली जाळ्यांच्या थरांवर वाळत घातलेली द्राक्षं, आणि बाजूचे पडदे वर गुंडाळलेले. दोन-तीन बायका आत काम करत होत्या.

“का थांबलात?” दादा म्हणाला.

“पोरगी काय म्हणतीय ऐकू दे.”

“तिचं काय ऐकायचं? ती आता नाटक करायलीय. व्हिडिओत नाव घालत नाही म्हणून.”

मला राग आला की मी हळू बोलते. सगळे उलटं करतात. “रडार म्हणजे काय? बॅटरी. अंधारात बॅटरी मारतो तसा तो लहरी मारतो आणि पावसावर आपटून परत येतात त्या मोजतो. बॅटरीसमोर म्हैस उभी केली तर म्हशीच्या मागचं दिसंल का?”

“मी म्हैस?”

“ढग म्हैस! तुला काय सगळं तुझ्यावरच वाटतं का? त्या गोळ्यात पाऊस इतका दाट आहे की लहरी तिथंच जिरायल्यात. मागं काय आहे ते रडारला कळतच नाही. म्हणून टिकल्या गेल्या. मागं ऊनही असंल आणि याच्यापेक्षा मोठा ढगही असंल.”

“असंल, असंल!” त्यानं माझ्यासारखा आवाज काढला. “म्हणजे तुलाही माहीत नाही.”

“नाही माहीत. तेच सांगायलीय.”

“इरफानभाई, गाडी काढा.”

मी दार उघडलं आणि लॅपटॉप छातीशी धरून उतरले. चार्जरची वायर गाडीतच लोंबत राहिली.

“तू जा,” मी म्हटलं. “मी इथंच थांबते.”

“राहू दे तिला! येताना उचलू.”

इरफानभाईंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. “मल्लिनाथ,” ते म्हणाले. ते त्याला पूर्ण नावानं फक्त भाडं ठरवताना हाक मारायचे. “बिरादरीतली नाही, पण पोरगी माझ्या भरवशावर पाठवलीय तिच्या आईनं. ती रस्त्यावर आणि मी पुढं, असं होणार नाही. गाडी माझी आहे.”

“भाडं मी देतो!”

“मग परत घे.”

मल्लूदादा खाली उतरला आणि त्यानं दार असं आपटलं की शेडमधल्या बायकांनी माना वळवल्या. त्याचं तोंड लाल झालं होतं. “भित्रट! दोघंही. ती कर्नाटकवाली पोरं आत्ता टेकडीखाली पोचली असतील. एका पोरीच्या टिकल्यांपायी माझं वर्ष वाया घालवा तुम्ही!” त्यानं मागून कॅमेरा आणि तिवई काढली. “इथूनच घेतो. त्या माळावरून. कुणी मागं यायचं नाही. आणि तू,” त्यानं माझ्याकडं बोट केलं, “पुन्हा गाडीत बसायचं नाहीस. कळलं? नकाशाला दुसरा माणूस मिळंल.”

“मिळव.”

“मिळवतोच.”

तो शेडच्या मागच्या उघड्या माळावर चढत गेला. कुसळं आणि दगडांचा माळ, डोक्यावर एक झाड नाही. वर जाऊन त्यानं उत्तरेकडं तोंड करून तिवई रोवली. समोर त्याचा लाडका ढग. पाठ दक्षिणेला.

इरफानभाईंनी बोलेरो शेडच्या पत्र्याखाली घेतली. “काच गेली तर हंगाम जातो बेटा,” एवढंच म्हणाले.

मी शेडच्या कडेला उभी राहिले. रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी दक्षिणेकडं बघत होते. तिकडं टेकडी दिसत होती. पवनचक्क्याही दिसत होत्या. पांढऱ्या, सरळ, पाती जोरात फिरणाऱ्या. म्हणजे होत्या त्या जागेवर! नकाशातून गेल्या होत्या, टेकडीवरून नाही. माझं बरोबर होतं. आणि माझं बरोबर असण्याचा उपयोग काय, असं मी स्वतःला विचारत असतानाच टेकडीमागचं आभाळ मला नीट दिसलं. ते हिरवट होतं. गढूळ पाण्यात शेवाळ असावं तसं. आणि खालून एक पांढरा पडदा टेकडीवर चढत होता.

डावीकडची शेवटची पवनचक्की पडद्यात गेली.

मी दादाला फोन लावला. त्यानं कट केला.

दुसरी गेली. पुन्हा लावला. पुन्हा कट.

“पडदे सोडा!” मी शेडमध्ये ओरडले. “दक्षिणेचे आधी सोडा!” बायकांनी मला काही विचारलं नाही, आभाळ बघितलं आणि दोऱ्या सोडल्या. मी बेदाण्याचे दोन रिकामे क्रेट उचलले, एक डोक्यावर पालथा घातला, एक हातात घेतला, आणि माळाकडं सुटले. मागून इरफानभाई ओरडत होते, “ए दानू! थांब, मी जातो!” पण त्यांचा गुडघा दुखायचा आणि माझा नाही.

वर पोचेपर्यंत श्वास संपला होता. दादा कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता.

“दादा, मागं बघ.”

“गप. शॉट चालू आहे.”

“मागं बघ रे!”

“तुझा आवाज यायलाय त्यात! खाली जा! घरी गेल्यावर काकांना सांगतो बघ तुझं सगळं—”

तेव्हा मी जे केलं ते आमच्या घराण्यात कुठल्याही धाकट्या बहिणीनं केलं नसेल. सगळा जीव गळ्यात आणून मी ओरडले, “मल्ल्या! मागं बघ!”

तो वळला. मला मारायलाच वळला होता, हात उचललेला होता. तो हात तसाच राहिला. माझ्या डोक्यावरून तो टेकडीकडं बघत होता, आणि तिथं टेकडी नव्हती.

“पवनचक्क्या कुठं गेल्या?” तो म्हणाला.

पहिली गार तिवईवर आदळली. टणकन. दुसरी त्याच्या खांद्यावर. तो आवाज न करताच खाली बसला. मी दुसरा क्रेट त्याच्या डोक्यावर दाबला आणि त्याच्या शर्टाची कॉलर धरून ओढलं. पेरूएवढ्या गारा होत्या. क्रेटवर त्या पडायच्या तेव्हा डोक्यात कुणीतरी पाटा-वरवंटा आपटल्यासारखं व्हायचं. त्याला कॅमेरा सोडवेना. एक हात लोंबतोय, एक हात कॅमेऱ्याला. “सोड!” मी म्हणतेय, “नाही!” तो म्हणतोय. क्रेटखाली, गारांखाली, माळावर आम्ही भांडतोय! शेवटी तिवईसकट कॅमेरा काखोटीला मारून तो उठला. घसरत, धडपडत, एकमेकांना शिव्या देत आम्ही खाली निघालो.

अर्ध्या वाटेत बोलेरो आली. इरफानभाईंनी ती पत्र्याखालून बाहेर काढली होती. समोरच्या काचेवर कोळ्याचं जाळं उमटलेलं, टप धडाधड वाजतोय. त्यांनी आतूनच दार ढकललं. आम्ही एकमेकांवर पडलो.

“काच,” मी म्हटलं.

“गप बस,” इरफानभाई म्हणाले. पहिल्यांदाच मला तसं बोलले.

सगळं थांबल्यावर आम्ही त्या डावीकडच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलो. दादाला दवाखान्यात न्यायचं होतं आणि तोच रस्ता जवळचा होता. पण जाता आलं नाही. रस्ता पांढरा झाला होता. लिंबाच्या झाडांना पान उरलं नव्हतं, आणि विजेचे खांब एकावर एक आडवे पडले होते. फाट्यावरून तेव्हा वळलो असतो तर आम्ही जिथं असतो, तिथं.

इरफानभाईंनी गाडी मागं फिरवली. तेव्हा मल्लूदादा, दुखरा हात दुसऱ्या हातानं धरून, समोर बघत म्हणाला, “नकाशा चुकला तुझा. मोकळं म्हणालीस आधी.”

एवढं होऊनही! मला वाटलं, परत माळावर सोडून यावं ह्याला.

“म्हणाले,” मी म्हटलं. “नंतर काय म्हणाले ते तू ऐकलंस का?”



पुढच्या आठवड्यात तो आमच्या घरी आला. हात गळ्यात बांधलेला. अव्वानं चहा दिला, तो त्यानं डाव्या हातानं सांडत प्यायला. मी समोर बसले होते, पण तो भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होता.

“कॅमेरा चालूच होता. सगळं आलंय त्यात. असा व्हिडिओ कुणाकडं नाही.”

“मग टाक.”

“तुझा आवाज काढता येईना.”

मीही कॅलेंडरकडं बघितलं.

“लई खटपट केली. गारांचा आवाज आणि तुझा आवाज एकमेकांत गुंतलाय. तुझा काढला की गारा मुक्या होतात. मुक्या गारा कोण बघणार?” त्यानं कप खाली ठेवला. “निदान ते ‘मल्ल्या’ तेवढं तरी काढायला बघितलं.”

“मग?”

“तिथंच सगळ्यात मोठी गार पडलीय.”

अव्वा स्वयंपाकघरात पळाली. तिचं हसू मला भांड्यांच्या आवाजातूनही ऐकू आलं.

व्हिडिओ गेला, आणि कुठल्या कुठं गेला. त्या वर्षी जतच्या स्टँडवर मल्लूदादा दिसला की पोरं ओरडायची, “मल्ल्या, मागं बघ!” तो खरंच वळायचा, आणि मग शिव्या द्यायचा. शेवटी नावं आली होती. चित्रण: मल्लू. वाहन: इरफानभाई. नकाशा: रडार. ते त्यानं बदललं नाही. पण सगळे विचारायला लागले, ती पोरगी कोण? कुणी ओळखीचं भेटलं की सांगायचं, ती हत्तुऱ्यांची दानेश्वरी. मला तेव्हा एक गोष्ट कळली, ती सांगते आणि संपवते. एवढे दिवस मला वाटायचं, त्याच्या व्हिडिओत मी नाही म्हणजे मी नाहीच. अहो, होते की! पुढं म्हैस उभी होती, एवढंच.

तो माझ्याशी पुढचे कित्येक महिने बोलला नाही. मीही गेले नाही. नकाशाला त्यानं दुसरा माणूस आणला. त्या माणसानं पहिल्याच दिवशी टिकल्या पुसून नकाशा स्वच्छ करून दिला, असं कानावर आलं.

पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी दारात हॉर्न वाजला. बोलेरो होती. समोरची काच नवी, कंपनीचं स्टिकरही अजून न काढलेलं. दक्षिणेकडं ढग चढत होते. मल्लूदादा खाली उतरला, फाटकाशी उभा राहिला, आत काही आला नाही.

“ए दाने,” तो ओरडला. लॅपटॉप नाही म्हणाला. “टिकल्या आहेत का बघ.”

मी ओट्यावर लॅपटॉप उघडला. फाईल घेतली, रंग चढले, रस्ते आले. मी मुद्दाम वेळ लावला.

“आहेत,” मी म्हटलं. “सगळ्या.”

“मग बस गाडीत.”

“पुढं बसणार.”

“पुढं मी बसतो. कॅमेरा कोण धरणार?”

“मग टिकल्याही तूच बघ.” मी लॅपटॉप मिटला.

आम्ही एकमेकांकडं बघत उभे राहिलो. गडगडलं. त्याची नजर हलली नाही, माझीही नाही.

इरफानभाईंनी हात लांब केला आणि पुढचं दार आतून उघडलं.